इतवाऱ्यातला अमेरिकन पोट्टा

उर्दूतून इंग्रजी शिकवायचं आणि घरी येऊन मराठीत भांडायचं, अशी माझ्या नोकरीची सुरुवात झाली. निझामाच्या राज्यात सरकारी शाळांचं माध्यम उर्दू. त्रिकोणाला आम्ही ‘मुसल्लस’ म्हणत असू आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. इंग्रजीच्या मास्तरानं धड्यातलं वाक्य वाचायचं, त्याचा उर्दू अर्थ सांगायचा आणि मागच्या बाकावर बसलेल्या मुखेड-कंधारकडच्या पोरांना तो हळूच मराठीत समजावायचा. तपासनीस आले की मराठी बंद. ते गेले की पुन्हा चालू. तीन भाषांचं हे येणंजाणं सांभाळता सांभाळता मी म्हातारा झालो, पण खरं सांगायचं तर ही कला मी शाळेत शिकलो नाही. ती शिकलो नांदेडच्या इतवारा पेठेत, एका लाकूड-व्यापाऱ्याच्या बैठकीत.

मी तेव्हा नांदेडला नवा होतो. एके दिवशी हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, “हाजीसाहेबांच्या भतीजीला मॅट्रिकला बाहेरून बसायचंय. इंग्रजी कच्चं आहे. तुम्ही जा.”

“मीच का?” मी विचारलं.

“तुम्ही शादीशुदा आहात आणि खाली मान घालून चालता,” हेडमास्तर म्हणाले.

ही माझी पात्रता. घरी बायकोला सांगितलं की मुलगी पडद्याआड बसणार, मला दिसणार नाही. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “दिसणार न्हाई? मग ती झोपली तर तुम्हाला कळायचं कसं? भिंतीलाच शिकवून राहिलात म्हणायचं.”

हाजीसाहेबांची वखार मोठी होती. सागवानाचा वास घरभर भरलेला असे. बैठकीच्या आतल्या दारात चीक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, सोडलेली. चिकेच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे विद्यार्थिनी. आणि माझ्या बाजूला, तख्तावर पानदान घेऊन, हाजीसाहेबांच्या थोरल्या विधवा बहीण. घरातले सगळे त्यांना फूफीजान म्हणत. वय झाल्यामुळे त्यांना पडद्याची सक्ती नव्हती. त्यांचं काम म्हणजे माझ्यावर नजर ठेवणं, आणि ते त्या मनापासून करत.

मुलीचं नाव नफीसा. वय सोळा-सतरा. तिचे वडील, म्हणजे हाजीसाहेबांचे धाकटे भाऊ, निलंग्याला तहसिलीत पेशकार होते. आई आधीच गेलेली, मग वडीलही तापानं गेले. मरताना त्यांनी भावाकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की पोरीला मॅट्रिक होऊ द्या. हाजीसाहेब शब्दाला पक्के. त्यांनी भतीजीला नांदेडला आणलं, वेगळी खोली दिली, नवे कपडे शिवले आणि मास्तर लावला. त्या घरात तिला कुणी कधी टोचून बोललं नाही. फक्त जो तो तिला सुधारत होता. ती निलंग्यात मराठी आणि कानडी पोरींत वाढलेली. मोठ्यानं हसायची, भरभर चालायची, एका वाक्यात तीन भाषा घालायची. इथं दिवसभर आतून आवाज यायचे: “नफीसा, आहिस्ता! नफीसा, ये क्या देहाती बोली है!”

पहिल्या दिवशी तिनं नेमलेल्या पुस्तकातला काटकसरीवरचा निबंध अडखळत वाचून दाखवला आणि चिकेआडून म्हणाली, “मास्तर, दुसरं काय हाय का? हे लई कोरडं हाय.”

“मराठी नक्को, उर्दू में बोलो,” फूफीजान म्हणाल्या.

“पर फूफी, मास्तर मराठीच हाईत की!”

माझ्याकडे एक अमेरिकन कादंबरी होती. हैदराबादेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेतलेली, शिवण उसवलेली, जाड. दुसऱ्या दिवशी ती नेली. तिचं नाव सांगून उपयोग नाही, त्या घरात ते कुणी कधी उच्चारलं नाही. तिकडे तिला ‘पोट्टे की किताब’ म्हणत.

गोष्ट साधी होती. जंगलात आजोबांबरोबर वाढलेला एक मुलगा. आजोबा मरतात. नदीकाठच्या एका गावात लांबची मावशी असते, ती त्याला घरी आणते. गाव चांगलं असतं. लोक देवभीरू, स्वच्छ, नेमस्त. ते त्याला बूट देतात, प्रार्थना शिकवतात, काटा कोणत्या हातात धरायचा ते दाखवतात. तो जंगलातल्या गोष्टी सांगायला लागला की गप्प करतात, कारण त्यांना त्या थापा वाटतात. अमेरिकेतल्या लेखकांना हा विषय फार जवळचा असावा. पुढे मी त्यांची बरीच पुस्तकं वाचली आणि बाहेरून आलेला एकटा पोरगा आणि त्याला आपल्यासारखं करू बघणारं गाव, ही जोडी पुन्हा पुन्हा भेटत राहिली.

चार-पाच दिवस मी इंग्रजी वाचत होतो आणि नफीसाला उर्दूत अर्थ सांगत होतो. एके दिवशी फूफीजाननी पानदान खाली आपटलं.

“मास्टर, वो पोट्टे का क्या हुआ? जोर से बोलो ना. मैं इधर क्या दीवार देखने कू बैठी?”

तेव्हापासून मी फूफीजानसाठी दखनीत, त्यांच्या घरच्या बोलीत, सांगू लागलो. मग चिकेआड बांगड्यांचा आवाज वाढला. स्वयंपाकीण हुसैनबी भाजी निवडायला तिथं येऊन बसू लागली. हाजीसाहेबांच्या बेगम येऊ लागल्या. शेजारच्या दोघीतिघी काही ना काही निमित्तानं येत. एका विद्यार्थिनीची शिकवणी म्हणून सुरू झालेलं प्रकरण महिन्याभरात कीर्तनासारखं भरू लागलं, फक्त श्रोते दिसत नव्हते.

बाहेरच्या माणसाला वाटेल, भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द ठेवणं. इतवाऱ्यात बसून अमेरिका सांगून बघावी! त्या गावात हिवाळ्यात आभाळातून बर्फ पडतं, असं मी सांगितलं. आमच्याकडे बर्फ लाकडाच्या भुश्शात गुंडाळून विकायला येई.

“आसमान से बर्फ?” हुसैनबी पलीकडून म्हणाली. “और बेचते नहीं? पागल लोगां हैं!”

पुढच्या प्रकरणात मावशीच्या घरी सण होता आणि सगळ्यांनी मिळून भाजलेली टर्की खाल्ली. मी बेसावधपणे ‘टर्की’ असंच म्हणालो. फूफीजानचा हात कानाला गेला. “तुर्की खा गए? सुलतान का मुल्क?” हैदराबादच्या राजघराण्याची सोयरीक तुर्की सुलतानाच्या घराण्याशी झालेली, त्यामुळे प्रकरण नाजूक होतं. टर्की ही मोठी कोंबडी असते, हे पटवण्यात त्या दिवशीचा तास गेला. चीक हलत होती. पलीकडे नफीसा हसत होती, आणि तिला आहिस्ता म्हणायला कुणाला सवड नव्हती, कारण सगळ्याच हसत होत्या.

लवकरच घरात दोन तट पडले. बेगमसाहेबा आणि शेजारणी मावशीच्या बाजूनं. “क्या बुरा कर रई? खाना देती, कपडा देती, तमीज सिखाती.” हुसैनबी पोट्ट्याच्या बाजूनं. फूफीजान आज इकडे, उद्या तिकडे. मी एकदा त्यांना विचारलं, त्या गावच्या बायका कशा वाटतात? त्या पान जुळवत म्हणाल्या, “अपने मोहल्ले के इच औरतां हैं. सिर्फ बुरखा नहीं.”

नफीसा या वादात पडत नसे. मग एके दिवशी, फूफीजानना डुलकी लागलेली असताना, ती मराठीत म्हणाली, “मास्तर, एक इचारू? ह्या पोराला कुणी मारलं का?”

“नाही.”

“उपाशी ठेवलं?”

“नाही.”

“पण पहिल्या प्रकरणात तो लई बोलतो बघा. पानंच्या पानं. आता नुसतं ‘जी मावशी’, ‘न्हाई मावशी’. कुणी काय केलं न्हाई, तरी त्याचं बोलणं कुठं गेलं?”

मी पुस्तक मागे उलटून पाहिलं. खरंच होतं. लेखकानं ते कुठं सांगितलं नव्हतं, फक्त करून ठेवलं होतं. समाज माणसाला कसा घडवतो यावर पुढे मी वर्गात पुष्कळ व्याख्यानं दिली, पण त्या मुलीनं एका प्रश्नात जे दाखवलं त्याच्या पुढे मी कधी गेलो नाही. घरी जाताना दुसरी गोष्ट लक्षात आली. गेले काही दिवस पुस्तक सोडून इतर कशाबद्दल विचारलं की तीसुद्धा एवढंच म्हणत होती, “जी मास्टर साब.”

परीक्षा जवळ आली तसं एक स्थळ आलं. लातूरचे मेहबूबसेठ, तिथल्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, अडत. बिजवर, पदरी दोन मुली. माणूस खातापिता, निर्व्यसनी. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचं बोलणं झालं. निकाह लवकर उरकायचा म्हणून परीक्षेचा बेत मागे पडला. हाजीसाहेबांनी मला वखारीत बोलावलं, चहा पाजला आणि फार अदबीनं म्हणाले, “मास्टर साब, आपने बहुत मेहनत की. अब बस. मरहूम भाई को मैंने जुबान दी थी, पर लडकी का घर बस रहा है, वो भी समझ जाएगा.”

मी काय बोलणार? घरातल्या गोष्टी त्या. मी पुस्तक घ्यायला बैठकीत गेलो. फूफीजान तख्तावर ताठ बसल्या होत्या.

“किताब कहाँ ले जा रे?”

“शिकवणी संपली, फूफीजान.”

“पढाई खतम हुई. किस्सा खतम हुआ क्या?”

त्यांनी भावाला आत बोलावलं आणि अर्धा किस्सा घरात राहिला तर बरकत जाते, असं ठणकावून सांगितलं. असा काही समज मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. हाजीसाहेब वैतागले, पण थोरल्या बहिणीपुढे त्यांचं कधी चाललं नव्हतं. आठवडाभराची मुदत मिळाली. मात्र ते म्हणाले, “मैं भी बैठूंगा. देखूं तो सही, मेरे घर में क्या पढा जा रहा है.”

दुसऱ्या दिवशी ते खरंच येऊन लोडाला टेकले.  मी पाठीमागची गोष्ट थोडक्यात सांगितली आणि पुढे वाचू लागलो.

कादंबरीत गावातलं एक धान्याचं कोठार जळालेलं असतं. मुलानं ते जाळलेलं नसतं, पण बाहेरचा तोच, म्हणून संशय त्याच्यावर. गावचे मानकरी प्रार्थनामंदिरात सभा भरवतात. ते दुष्ट नसतात. मुलाचं कल्याण कशात आहे, याचाच विचार करतात. एक म्हणतो, त्याला दूरच्या सुधारगृहात पाठवू. दुसरा म्हणतो, खाणीत कामाला लावू. तिसरा म्हणतो, गुन्हा माफ करून मावशीकडेच ठेवू. मुलगा बाहेर पायरीवर बसलेला असतो. आतलं बोलणं त्याला ऐकू येत असतं.

हाजीसाहेब लाकूडबाजारातले नावाजलेले पंच होते. दोन व्यापाऱ्यांचं बिनसलं की लोक त्यांच्याकडे येत. सभा लांबत गेली तसे ते लोड सोडून पुढे सरकले. शेवटी त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“ये कैसे पंच हैं? जिसका फैसला है उसी को बाहर बिठाए? अरे, उसको अंदर बुलाव, पूछो! चोर को भी पूछते!”

 फूफीजाननी अडकित्ता खाली ठेवला.

“भाई,” त्या म्हणाल्या, “नफीसा भी बाहर इच बैठी है, पर्दे के उधर.”

मी पुस्तकातच डोकं खुपसून बसलो.   हाजीसाहेब उठले, जोडा घातला आणि वखारीत निघून गेले. त्या दिवशी पुढे वाचलं नाही. मला वाटलं, आपली खुर्ची उद्या रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी गेलो तर हाजीसाहेब आधीच येऊन बसलेले. मी खुर्चीवर बसलो तसं त्यांनी चिकेकडे तोंड केलं. “नफीसा बेटी,” ते म्हणाले, “मास्टर साब गवाह हैं. बोलो. लातूर का रिश्ता मंजूर है या नहीं? जो है साफ बोलो.”

मी वाट बघू लागलो. सगळं घर वाट बघत होतं.

“चाचाजान,” ती म्हणाली, “मेरेकू इम्तिहान देना है.”

“ठीक. और उसके बाद?”

“वो मालूम नहीं.”

हाजीसाहेब गोंधळले. होकाराची तयारी होती, नकाराचीही असावी. “मालूम नहीं मतलब?”

“अब तक किसी ने पूछा इच नहीं था,” नफीसा म्हणाली, “तो मैं सोची भी नहीं.”

हे ती रागानं म्हणाली नाही. जे होतं ते सांगितलं.  हाजीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते. भावाची आठवण झाली असेल किंवा आणखी काही, मी कसं सांगू. “तो सोचो,” ते म्हणाले. “इम्तिहान दो, और सोचो.”

लातूरला नकार गेला. वडीलधाऱ्यांत थोडी कटकट झाली, ती हाजीसाहेबांनी अंगावर घेतली. राहिलेलं पुस्तक आम्ही त्या आठवड्यात संपवलं. मुलगा शेवटी कोळसा वाहणाऱ्या नावेत बसून गाव सोडतो. बेगमसाहेबांना ते आवडलं नाही. “जाके खाएगा क्या?” त्या म्हणाल्या. हुसैनबी म्हणाली, “जो बी खाएगा, अपने हात का खाएगा.” मग आम्ही मुकाट्यानं काटकसरीच्या निबंधाकडे वळलो.

परीक्षेला हाजीसाहेब तिला स्वतः औरंगाबादला घेऊन गेले. दुसऱ्या वर्गात पास झाली. इंग्रजीत बरे गुण पडले. पुढे ती हैदराबादेत मुलींच्या कॉलेजात गेली, शिक्षिका झाली आणि आपण निवडलेल्या माणसाशी लग्न केलं, असं कानावर आलं. पोलीस ॲक्शननंतर हाजीसाहेबांनी वखार विकली आणि सगळं घर हैदराबादला गेलं. फूफीजान तिकडेच वारल्या. आता त्या जागी कापडाची दुकानं आहेत. तिथं कधी काळी रोज संध्याकाळी अमेरिकेवर वाद होत, यावर आजच्या इतवाऱ्यात कुणी विश्वास ठेवणार नाही. ती दखनी, ती सरमिसळ, एका चिकेच्या दोन बाजूंना बसून एकाच गोष्टीवर हसणं, हे सगळं कुठं गेलं म्हणायचं? मी आणि बायको अधूनमधून त्याबद्दल बोलतो. ती म्हणते, “भिंतीला शिकवून राहिलात म्हणले होते मी. पण ती भिंत लई हुशार निघाली.”

सांगायची आणखी एक गोष्ट राहिली. नफीसाच्या परीक्षेनंतरच्या वर्षी, निझामाचं राज्य असतानाच, माझी बदली लातूरला झाली. एके दिवशी गंजातून चाललो होतो. एका अडतीच्या दुकानातून हाक आली, “ओ मास्तर! नांदेडहून आलात ते तुम्हीच का?”

मी थांबलो. गादीवर पस्तिशीचा, किरकोळ अंगाचा माणूस बसला होता. म्हणाला, “या, बसा. मी मेहबूब. माझं लगीन मोडणारे मास्तर ते तुम्हीच न्हवं?”

 आजूबाजूला हमाल होते, शेतकरी होते. मी काहीतरी पुटपुटलो. त्यानं गूळ-पाणी मागवलं.

“घाबरू नका,” तो म्हणाला. “मला सगळं कळलं नंतर. पोरीला इचारलं म्हणे तिच्या चाचानं. बेस केलं. खरं सांगू का मास्तर? मला तरी कुणी इचारलं व्हतं? बायको जाऊन साल झालं न्हाई तोवर थोरल्या भावांनी ठरवून टाकलं. मला सांगितलं ते शेरवानीचं माप घ्यायला शिंपी आला तवा.”

आम्ही दोघंही हसलो. इतके दिवस माझ्या मनात त्याचं जे चित्र होतं ते भल्या थोरल्या मिशांचं होतं. या माणसाला मिशाच नव्हत्या.

“पुन्हा न्हाई केलं लगीन,” तो म्हणाला. “दोन पोरी हाईत, बास झालं. थोरली दहाची झाली. मी म्हणतो, तुम्ही तिला विंग्रजी शिकवा. चार बुकं वाचंल, मोठी व्हईल.”

मी लगेच हो म्हणालो. इंग्रजीचा मास्तर अशा वेळी दुसरं काय म्हणणार! वेळ ठरली, जागा ठरली. मी उठणार एवढ्यात तो थबकला.

“ऱ्हावा जरा. तिला इचारलंच न्हाई की.” त्यानं आत हाक मारली. “सकीना!”

धान्याच्या पोत्यांमधून एक काळीसावळी मुलगी बाहेर आली. केसांत भुसा अडकलेला.

“बेटी, हे मास्तर. विंग्रजी शिकणार का ह्यांच्याजवळ?”

तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

“नक्को,” ती म्हणाली. “अंग्रेजी नक्को. मेरेकू हिसाब सीखना है.”

आणि पुन्हा पोत्यांमागे गेली. मेहबूबसेठनं माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरले.

“घ्या मास्तर. इचारलं.”